मोटारीचा रंग आणि वसईचा वारा

वसईच्या पश्चिमेकडील गांवांतून संध्याकाळीं जो वारा वाहतो, त्याची ख्याति दूरवर पसरलेली आहे. मुंबईच्या गर्दींत दिवसभर गुदमरलेला माणूस लोकल गाडीनें वसई, नालासोपारा किंवा विरार येथें उतरून घराकडे वळला म्हणजे हा वारा त्याचा अर्धा शीण वाटेंतच हरण करतो. अर्नाळा, राजोडी, कळंब, भुईगांव येथील किनाऱ्यांवर सुटीच्या दिवशीं माणसांची जत्रा भरते ती याच वाऱ्यासाठीं. परंतु जो वारा माणसास सुखावह, तोच त्याच्या दाराशीं उभ्या असलेल्या मोटारीसहि हितावह असेल असें नाहीं. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. लाट किनाऱ्यावर फुटली कीं तिच्या फेंसांतील बुडबुडे फुटून अतिसूक्ष्म तुषार हवेंत उडतात. त्यांतील पाणी वाटेंतच सुकत जातें आणि मिठाचे कण तेवढे वाऱ्यावर स्वार होऊन गांवांत शिरतात. याचा पुरावा शोधण्यास प्रयोगशाळेंत जाण्याचें कारण नाहीं. किनाऱ्यालगतच्या कोणत्याहि घराच्या खिडकीचे गज पाहावे. दरसाल रंग दिला तर ते टिकतात. दोन पावसाळे आळस केला तर त्यांच्या खपल्या हातांत येतात.

गजांचें हें शास्त्र घरोघर ठाऊक आहे. मोटारीच्या बाबतींत मात्र तें सहसा आठवत नाहीं. याचें एक कारण असें कीं, या भागांत मोटार ही अलीकडची वस्तु होय. केळीचे घड, विड्याची पानें, फुलें आणि भाजी स्टेशनापर्यंत नेण्यास एके काळीं बैलगाडी व सायकल पुरेशी होती. पुढें वस्ती वाढली. २००९ सालीं वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली, २०१४ सालीं ठाणें जिल्ह्यांतून पालघर जिल्हा वेगळा निघाला, आणि ‘एमएच ४८’ हीं अक्षरें मिरविणाऱ्या गाड्या गल्लोगल्लीं दिसूं लागल्या. त्यांतील बहुसंख्य गाड्या धनिकांच्या नव्हेत. पगारदार माणूस पांच-सात वर्षांच्या हप्त्यांवर ती घेतो. वृद्ध आईबापांस रुग्णालयांत न्यावयास, मुलांस परीक्षेच्या ठिकाणीं पोंचवावयास आणि वर्षांतून एकदां कुलदैवतास जावयास तिचा उपयोग करतो. अशा घरांत मोटार ही चैन नसून दागिन्यासारखी जपून ठेवावयाची पुंजी असते. आणि पुष्कळदां असें घडतें कीं, शेवटचा हप्ता फिटण्याच्या सुमारासच दाराच्या खालच्या कडेस रंगाचा पहिला फोड उठतो. हा फोड कां उठतो आणि तो कसा टाळतां येईल, याचा विचार म्हणूनच केवळ शोभेचा नव्हे, तर संसाराच्या हिशेबाचा विचार आहे.

प्रथम हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं, मोटारीचा रंग म्हणजे एकच लेप नव्हे. कारखान्यांत पोलादी पत्र्याचें धड आधीं स्वच्छ धुऊन त्यास फॉस्फेटचें स्नान घालतात, म्हणजे पुढील लेप घट्ट बसतो. नंतर तें सबंध धड अस्तराच्या द्रवानें भरलेल्या हौदांत बुडवून विजेचा प्रवाह सोडतात. त्यामुळें ज्या सांदीकोपऱ्यांत कुंचला कधींच पोंचला नसता तेथेंहि अस्तर चिकटून बसतें. गंजाविरुद्ध खरें कवच तें हेंच. त्यावर दुसरें अस्तर, त्यावर प्रत्यक्ष रंग, आणि सर्वांच्या वर कांचेसारखा एक पारदर्शक लेप, असा हा क्रम असतो. वरचे लेप सुमारें १४० अंश सेल्सिअसच्या भट्टींत भाजून पक्के करतात. इतका सारा खटाटोप झाल्यावर या थरांची एकंदर जाडी भरते किती? सुमारें १०० ते १५० मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि माणसाचा केस साधारणतः ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे लोखंड आणि वसईचा वारा यांच्यामध्यें फार तर दोन केसांएवढी भिंत उभी असते! त्यांतला जो वरचा पारदर्शक लेप, तो तर एका केसाहूनहि पातळ. आपण ज्यास गाडीची तकाकी म्हणतों ती या एका लेपाची असते. तो झिजला कीं तकाकी गेली, आणि तो फाटला कीं खालच्या रंगाचा वाली कोणी उरत नाहीं.

पूर्वीं अशी रचना नव्हती. १८८६ सालीं जर्मनींत कार्ल बेंझ यांनीं आपल्या मोटारीचें पेटंट घेतलें, त्यानंतर कित्येक वर्षें मोटारींस घोडागाडीचाच तेलरंग व व्हार्निश कुंचल्यानें देत. एकेक हात वाळण्यास इतका वेळ लागे कीं, सबंध गाडी तयार होण्यास आठवडेच्या आठवडे जात. हेन्री फोर्ड यांच्या प्रसिद्ध ‘मॉडेल टी’ गाड्या १९१४ पासून १९२५ पर्यंत केवळ काळ्याच रंगांत निघत असत. १९२३-२४ च्या सुमारास अमेरिकेंत ‘ड्यूको’ नांवाचा पिचकारीनें उडविण्याचा, झटपट वाळणारा रंग आला आणि मोटारींस नानाविध रंग लाभले. तो रंग मागें पडून कित्येक दशकें लोटलीं. परंतु मुंबईच्या गॅरेजांतून पिचकारीनें दिलेल्या कोणत्याहि रंगास अजूनहि ‘ड्यूको’ म्हणणारे कारागीर भेटतात. वस्तु गेली तरी नांव राहतें तें असें.

आपल्याकडे वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यांतून निघालेल्या प्रीमियर पद्मिनी या गाडीनें काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपानें मुंबईची कित्येक दशकें सेवा केली, आणि २०२३ च्या ऑक्टोबरांत वयोमर्यादा संपून ती टॅक्सी रस्त्यावरून निवृत्त झाली. त्या काळच्या गाड्यांचा रंग एकजिनसी असे. वर पारदर्शक लेप नसे. उन्हानें वरचा थर खडूच्या भुकटीसारखा भुरका होई, मालक पॉलिश घेऊन घाशीत बसे, फडक्यास गाडीचा रंग लागे आणि आंतून ताजा थर निघून गाडी पुन्हां चमकूं लागे. ‘गाडीस महिन्याचें महिन्यास पॉलिश करावें’ हा वडिलांचा उपदेश त्या काळीं योग्यच होता. आज तोच उपदेश पाळणें अहिताचें आहे. कारण घासण्याचें पॉलिश प्रत्येक वेळीं त्या पारदर्शक लेपाचा थोडा थोडा भाग खरवडून नेतें. उन्हांतील अतिनील किरणांस अडविणारीं द्रव्यें याच लेपांत मिसळलेलीं असतात. लेप पातळ झाला कीं ऊन आपलें काम साधतें. टपावर व बॉनेटवर पांढुरके चट्टे दिसूं लागतात आणि पुढें सापाच्या कातेसारखे पापुद्रे सुटतात. मग घासून उपयोग होत नाहीं. तो भाग पुन्हां रंगवावाच लागतो.

आतां मिठाचा विचार करूं. ‘मिठानें रंग खाल्ला’ असें लोक म्हणतात. वस्तुतः मीठ अखंड रंगास फारसें कांहीं करीत नाहीं. तें वाट पाहतें. महामार्गावरून जातांना पुढच्या ट्रकाच्या चाकाखालून उडालेला खडा बॉनेटवर आपटतो आणि ज्वारीच्या दाण्याएवढी टवकी उडते. एरवीं हें उघडें लोखंड सावकाश गंजलें असतें. परंतु तेथें मिठाचा कण बसला कीं तो हवेंतील ओलावा ओढून घेतो, आणि असें खारट पाणी विजेचें वाहक असल्यानें गंजाच्या रासायनिक क्रियेस वेग येतो. गंजास लोखंडापेक्षां जागा जास्त लागते. म्हणून तो कडेच्या रंगाखालीं शिरून त्यास वर उचलूं लागतो. हाच तो फोड. बाहेरून तो मसुराएवढा दिसतो तेव्हां आंत बहुधा रुपयाएवढी जागा पोखरलेली असते. आंब्याच्या आंतील किडीप्रमाणेंच या रोगाचें आहे. सालीवर छिद्र दिसेपर्यंत गर गेलेला असतो.

फोड सर्वांत आधीं दाराच्या तळाशींच कां दिसतात, याचेंहि कारण सोपें आहे. कांचेवरून ओघळणारें पावसाचें पाणी दाराच्या पोकळींत उतरतें आणि खालच्या कडेस ठेवलेल्या लहान छिद्रांतून बाहेर पडतें. हीं छिद्रें चिखलानें व पालापाचोळ्यानें बुजलीं म्हणजे दाराचें रूपांतर पाण्याच्या माठांत होतें आणि गंज आंतून बाहेर येऊं लागतो. वर्षांतून दोन वेळां लांकडाच्या बारीक काडीनें हीं छिद्रें मोकळीं करणें हें काम पांच मिनिटांचें आहे, आणि तें शाळकरी मुलासहि करतां येतें. तसेंच, किनाऱ्यावरील ओल्या वाळूंत हौसेनें गाडी फिरविणारांनीं ध्यानांत ठेवावें कीं, त्या अर्ध्या तासाच्या हौसेंत गाडीचा तळ खारट चिखलानें सारवला जातो. अशी गाडी त्याच दिवशीं खालून गोड्या पाण्यानें धुतली नाहीं, तर ती हौस महाग पडते.

येथें वसईकरांपुढें एक विशेष अडचण उभी राहते, ती पाण्याची. किनारपट्टींतील बावखलें आणि विहिरी यांचें गोडें पाणी हें या भूमीचें वैभव होतें. त्यावर केळीच्या आणि पानांच्या बागा पोसल्या. पंपांनीं बेसुमार उपसा सुरू झाल्यावर अनेक ठिकाणीं समुद्राचें पाणी जमिनींतून आंत सरकलें आणि विहिरी मचूळ झाल्या. सूर्या, उसगांव आणि पेल्हार येथील धरणांचें पाणी शहरास येतें. तरी अनेक वसाहतींस कूपनलिकेवर आणि टँकरवर अवलंबून राहावें लागतें. पिण्यास नको तें पाणी गाडी धुण्यास वापरावें, हा विचार काटकसरीचा दिसतो खरा. परंतु मचूळ पाण्यानें गाडी धुऊन ती उन्हांत तशीच वाळविणें म्हणजे समुद्राच्या वाऱ्यास जें काम करावयास आठवडा लागला असता तें अर्ध्या तासांत स्वहस्तें उरकणें होय. कूपनलिकेचें पाणी खारट नसलें तरी बहुधा जड असतें. तें वाळलें कीं चुन्याचे पांढरे ठिपके मागें राहतात आणि ते पुढें पुसूनहि निघत नाहींत.

पाण्याची परीक्षा घरच्या घरीं होते. स्वच्छ कांचेवर चार थेंब टाकून ते सावलींत वाळूं द्यावे. मागें काहीं राहिलें नाहीं तर पाणी उत्तम. पांढरी कडी दिसली तर तें पाणी गाडीवर वाळूं देतां कामा नये. तेवढेंच पाणी उपलब्ध असेल तर त्यानें मळ काढावा. परंतु शेवटचा हात अर्धी बादली गोड्या पाण्याचा असावा, आणि तें वाळण्यापूर्वींच मऊ फडक्यानें टिपून घ्यावें. पावसाळ्यांत पागोळीचें पाणी धरून ठेवलें, तर त्यासारखें मृदु पाणी दुसरें नाहीं. नळी लावून गाडी धुण्याची पद्धत तर या भागांत सोडूनच द्यावी. नळींतून मिनिटास दहाबारा लिटर पाणी सहज जातें; दहा मिनिटांच्या स्नानांत एका कुटुंबाच्या दिवसाच्या गरजेचा मोठा वांटा गटारास मिळतो. ज्या गल्लींत बायका टँकरची वाट पाहत हंडे घेऊन उभ्या असतात, त्या गल्लींत अशा रीतीनें चमकविलेली गाडी शोभा देत नाहीं. दोन बादल्या पाण्यांत काम होतें, आणि नळीपेक्षां चांगलें होतें.

सूर्य, पक्षी आणि वृक्ष हे दुसरे तीन शत्रु. अर्थात् गाडीच्याच दृष्टीनें. वैशाखांत उभ्या गाडीचा पत्रा इतका तापतो कीं त्यावर हात ठेववत नाहीं. या उष्णतेनें पारदर्शक लेप मऊ पडून किंचित् फुगतो. अशा वेळीं त्यावर कावळ्याची किंवा पारव्याची विष्ठा पडली तर ती वाळून कडक होते, संध्याकाळीं लेप आकसतो आणि तिचा ठसा त्यांत कायमचा उमटतो. विष्ठेंत यूरिक आम्ल असतें तें निराळेंच. म्हणून पक्ष्याची विष्ठा दिसतांच काढावी. पण कोरडी खरवडूं नये, कारण तिच्यांत वाळूचे कण असतात. ओलें फडकें तिच्यावर पांच मिनिटें ठेवावें, म्हणजे ती मऊ होऊन आपोआप सुटते. चिंचेखालीं वा आंब्याखालीं सावली चांगली मिळते. परंतु त्या सावलीचें भाडें चीक, मोहोर आणि पाखरें यांच्या रूपानें द्यावें लागतें. जांभळाखालीं तर ज्येष्ठ महिन्यांत गाडी ठेवूंच नये. रुळांच्या अगदीं कडेला गाडी ठेवणारांस आणखी एक अनुभव येतो. आगगाडीच्या चाकांतून व ब्रेकांतून उडणारे लोखंडाचे सूक्ष्म कण पांढऱ्या रंगावर बसतात आणि पहिल्या सरीनंतर केशरी ठिपके दिसतात. हे ठिपके म्हणजे गाडीचा गंज नव्हे, बाहेरून आलेल्या लोहकणांचा गंज होय. तेवढ्यावरून घाबरून पत्रा घासूं नये. लोहकण विरघळविणारें द्रावण किंवा चिकणमातीसारखी मऊ गोळी यासाठीं मिळते, तिनें ते अलगद निघतात.

परंतु या सर्वांहून अधिक हानि करणारा शत्रु घरांतच असतो. तो म्हणजे कोरडें फडकें. सकाळीं कामावर निघतांना गाडीवर धूळ दिसली कीं हाताशीं असेल तें फडकें घेऊन चार हात मारावयाचे, ही सवय सार्वत्रिक आहे. धूळ म्हणजे काय? बहुतांशीं दगडाचा चुरा. डोंगराच्या बाजूस खाणी, महामार्गावर ट्रक, गल्लोगल्लीं इमारतींचीं बांधकामें. या सर्वांची धूळ फडक्याखालीं सांपडली म्हणजे फडकें नव्हे, तो सँडपेपर होतो. रात्रीं दिव्याखालीं किंवा तिरप्या उन्हांत पाहिलें असतां रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखीं जीं वर्तुळें दिसतात, तीं अशा प्रेमळ हातांचींच कृति असते.

यावर कोणी म्हणेल, ‘गाडी पुसावयास माणूस ठेवला आहे.’ हा माणूस पहांटे येतो, एका बादलींत पंधरा गाड्या पुसतो आणि महिन्याकांठीं प्रत्येकाकडून थोडे पैसे घेऊन जातो. पंधराव्या गाडीच्या वांट्यास पहिल्या चौदा गाड्यांची वाळू येते. याचा दोष त्यास देणें अन्याय होईल. मालकानें त्यास स्वतंत्र बादली दिली नाहीं, स्वच्छ फडकीं दिलीं नाहींत, आणि वेळहि दिला नाहीं. त्यास रोज बोलावण्याऐवजीं आठवड्यांतून दोनदां बोलवावें, मोबदला तोच ठेवावा, दोन बादल्या व चार मऊ फडकीं घरचीं द्यावीं आणि एकदां शेजारीं उभें राहून पद्धत समजावून सांगावी. गाडीहि टिकेल आणि त्याचेंहि श्रम वांचतील.

ती पद्धत अशी. गाडी सावलींत असावी आणि पत्रा थंड असावा. प्रथम नुसतें पाणी टपावरून सोडून सुटी धूळ वाहून जाऊं द्यावी. या पाण्यांत घासणें नाहीं. नंतर एका बादलींत मोटारीसाठीं मिळणारा सौम्य साबण व दुसरींत निव्वळ पाणी घ्यावें. कपडे धुण्याची पूड, भांड्यांची वडी, सोडा, राख वा घासलेट यांपैकीं काहींहि वापरूं नये. तीं रंगावरील मेण धुऊन नेतात आणि रबरी पट्ट्या कोरड्या पाडतात. जाड लवीचें फडकें साबणांत बुडवून टपापासून खालीं यावें, गोल गोल न फिरवितां सरळ रेषेंत चालवावें, आणि पुन्हां साबणांत बुडविण्यापूर्वीं दुसऱ्या बादलींत खळबळून घ्यावें, म्हणजे वाळू तेथेंच राहते. चाकें आणि खालच्या कडा यांचें फडकें निराळें असावें. फडकें जमिनीवर पडलें तर तें त्या दिवसापुरतें बाद समजावें. शेवटीं स्वच्छ पाणी ओतून मऊ, कोरड्या फडक्यानें टिपून घ्यावें, रगडूं नये.

धुतल्यानंतर रक्षण येतें तें मेणाचें. अळूच्या किंवा केळीच्या पानावर पाणी ठरत नाहीं, हें प्रत्येक मराठी घरांत ठाऊक आहे. त्या पानांवर निसर्गानें मेणाचा अतिसूक्ष्म थर दिलेला असतो. मोटारीच्या मेणाचें तत्त्व हेंच. त्यासाठीं प्रसिद्ध असलेलें ‘कार्नोबा’ मेण ईशान्य ब्राझीलांतील एका ताडजातीच्या झाडाच्या पानांवरून काढतात. उष्ण, रुक्ष हवेंत पानांतील पाणी उडून जाऊं नये म्हणून तें झाड तें धारण करतें. मेण घाशीत नाहीं, झांकतें, पॉलिश घासतें. हा भेद ओळखला म्हणजे पुष्कळ नुकसान टळतें. दर दोन-तीन महिन्यांनीं मेणाचा पातळ हात द्यावा. पाण्याचे थेंब मोत्यांसारखे उभे राहण्याऐवजीं पसरूं लागले कीं मेण सरलें असें समजावें. अलीकडे सिरॅमिक लेपाचा बराच बोलबाला आहे. तो मेणाहून पुष्कळ अधिक काळ टिकतो, धुणें सोपें करतो, हें खरें. पण तो खड्याचा मार अडवीत नाहीं आणि धुण्याच्या कामांतूनहि मुक्त करीत नाहीं. गॅरेजांत नव्यानें रंगविलेल्या भागावर मात्र कांहीं आठवडे मेण लावूं नये. कारखान्याच्या भट्टीप्रमाणें तेथें १४० अंशांची आंच देतां येत नाहीं, सुमारें ६० अंशांवर भागवावें लागतें. म्हणून त्या रंगास आंतून पूर्ण वाळण्यास अवधि द्यावा लागतो.

टवकी उडालीच तर ती त्याच आठवड्यांत भरावी. गाडीच्या रंगाचा सांकेतिक क्रमांक तिच्या धडावरील पट्टीवर किंवा चिकटपत्रावर असतो. तो दाखवून त्याच रंगाची लहान कुपी मिळते. जागा धुऊन पूर्ण कोरडी करावी, गंज धरला असल्यास बारीक सँडपेपरानें तेवढाच भाग उजळ करावा, अस्तराचा ठिपका द्यावा, तो वाळल्यावर रंगाचा आणि शेवटीं पारदर्शक लेपाचा. काम सुंदर दिसणार नाहीं. दिसलेंच पाहिजे असें नाहीं. लोखंड झांकलें गेलें म्हणजे पुरे. फोड मोठा झाल्यावर मात्र कारागिराकडे जावें, आणि तो गंज पूर्ण खरवडून मग लांबी भरतो कीं गंजावरच लांबी लिंपतो, हें स्वतः उभें राहून पाहावें. वरून सारखें दिसलें तरी दुसऱ्या प्रकारचें काम एका पावसाळ्याचें धनी असतें.

पावसाळ्याचें नांव निघाल्यावर वसईकरास २०१८ चा जुलै आठवल्याशिवाय राहत नाहीं. त्या दिवसांत नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखालीं गेले, लोकल गाड्या थांबल्या, मिठागरांत राहणारीं कुटुंबें अडकून पडलीं, आणि सखल भागांतील गाड्यांच्या आसनांपर्यंत पाणी चढलें. अशा पाण्यांत खाडीचा अंश असतो. तें ओसरल्यावर बाहेरून गाडी स्वच्छ दिसूं लागते आणि मालक निश्चिंत होतो. पण बैठकींखालील गालिचा, दारांच्या पोकळ्या आणि तळाच्या सांदी यांत खारट गाळ तसाच राहतो. गालिचे काढून वाळविणें, दारें उघडीं ठेवणें आणि तळ गोड्या पाण्यानें धुवून घेणें हें काम इंजिनाच्या दुरुस्तीइतकेंच अगत्याचें आहे. याच कारणानें पावसाळ्यांत प्लॅस्टिकचें आच्छादन गाडीवर बांधून ठेवूं नये. आंत वाफ कोंडते. उन्हाळ्यांत कापडी आच्छादन घालावें, परंतु धुळीनें माखलेल्या गाडीवर घालूं नये, कारण वाऱ्यानें फडफडणारें कापडहि रंग घासतें.

ज्यांना एवढें सारें लक्षांत ठेवणें कठीण वाटतें त्यांनीं सणांचा आधार घ्यावा. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, म्हणजे पावसाळ्याच्या आधीं, गाडी नीट धुऊन टवक्या भराव्या, दारांचीं छिद्रें मोकळीं करावीं आणि मेण द्यावें. दसऱ्यास, पाऊस सरल्यावर, तळ धुवून पुन्हां तीच तपासणी करावी. त्या दिवशीं घरोघर वाहनाची पूजा होते. कुंकवाचें स्वस्तिक काढावें, फुलें वाहावीं. फक्त ओलें कुंकू चार दिवस उन्हांत वाळूं देऊं नये, आणि झेंडूच्या हाराची तार रंगास लागणार नाहीं अशा बेतानें हार बांधावा. ज्या वस्तूची पूजा केली तिच्यावरच ओरखडा उमटवावा, हें पूजेच्या हेतूस धरून होणार नाहीं. दिवाळींत फटाक्यांच्या ठिणग्यांपासून गाडी दूर ठेवावी. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षें चालते आणि पुढें तपासणी करून पांच पांच वर्षांनीं वाढवून घ्यावी लागते. त्या तपासणीच्या वेळीं तळाचा पत्रा शाबूत आहे कीं बोट घातल्यास आरपार जातें, याचा निकाल आधींच्या पंधरा दसऱ्यांनीं लावलेला असतो.

याबाबतींत वसईस गुरु शोधण्यास दूर जावें लागत नाहीं. पाचूबंदर, किल्लाबंदर, अर्नाळा येथील कोळी बांधव पावसाळ्यांत मासेमारी बंद झाली कीं होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात. या सक्तीच्या विसाव्यांत ते स्वस्थ बसत नाहींत. फळ्यांच्या सांधी तपासतात, जुना रंग खरवडतात, नवा चढवितात. आणि नारळी पौर्णिमेस दर्यास नारळ अर्पण होतो तेव्हां होडी नव्या नवरीसारखी नटलेली असते. पाहुण्यास तो उत्सवाचा थाट वाटतो. कोळ्यास ठाऊक असतें कीं, त्या रंगाच्या पलीकडे पाणी आहे आणि अलीकडे आपलीं मुलेंबाळें आहेत. मोटारीच्या मालकास समुद्रावर जावयाचें नसतें. पण त्याच्या अंगणांतहि समुद्र रोज येतो, वाऱ्याच्या पावलांनीं. दोन बादल्या पाणी, चार स्वच्छ फडकीं आणि वर्षांतून दोन सकाळ एवढें त्यानें दिलें, तर शेवटचा हप्ता फिटल्यानंतरहि ती गाडी त्याच्या घरच्या वृद्धांस आणि मुलांस अनेक वर्षें निर्धास्तपणें वाहून नेईल.